धाकटीचा नेम

उन्हाळ्याच्या सुटीत टेक्सासला धाकट्या बहिणीकडे गेलो होतो. ती ह्यूस्टनजवळ राहते, नर्स आहे, बहुतेक रात्रपाळीच असते, आणि आता तिकडची नागरिकही झाली आहे. शेजारच्या गल्लीत घरफोडी झाली आणि बाईसाहेबांनी रिव्हॉल्व्हर चालवायला शिकायचं ठरवलं. तेही साधंसुधं नाही, पॉइंट ३५७ मॅग्नम! मॅग्नम म्हणजे लॅटिनमध्ये 'मोठं'. दारूच्या दीड लिटरच्या बाटलीलाही हेच नाव आहे. मी म्हटलं, दोन्हींपासून लांब राहिलेलं बरं. ती हसली. "भाईजान, तुम्ही फक्त बघायला चला. तुम्हाला तर हात लावायचीसुद्धा परवानगी नाही."

ते खरंच होतं. अमेरिकेत कुणीही उठावं आणि बंदूक उचलावी असा आपला समज असतो. पण पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला तिथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक जवळ बाळगता येत नाही. शिकारीचा परवाना असला तर गोष्ट वेगळी. म्हणून मी चांदमारीच्या जाड काचेमागे, कानांवर मोठी झाकणं लावून बसलो.

शिकवणाऱ्या बाई साठीच्या असाव्यात. पहिला अर्धा तास काडतूस दिसलंच नाही. प्रत्येक हत्यार भरलेलंच आहे असं समजा, जे नष्ट करायचं नाही त्याकडे नळी वळवू नका, नेम धरेपर्यंत बोट चापाबाहेर, आणि निशाणाच्या पलीकडे काय आहे ते बघा. हे चार नियम माझ्या बहिणीकडून त्यांनी पाढ्यांसारखे म्हणवून घेतले. मग रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायचा सराव. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढला तर चाप हलका लागतो, नाहीतर जड. मग काडतुसं आली, पण मॅग्नमची नाहीत. पॉइंट ३८ स्पेशल. मॅग्नमचं काडतूस १९३५ मध्ये आलं ते याच जुन्या काडतुसाची कवची सुमारे ३ मिलिमीटरने लांब करून. त्यामुळे मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये जुनं, कमी धक्क्याचं काडतूस चालतं. उलट चालत नाही. लांब कवची जुन्या हत्यारात बसूच नये म्हणून ती लांब केली. बीएडला आम्ही घोकलेलं 'सोप्याकडून कठीणाकडे' मला त्या काचेमागे आठवलं. आमच्याकडे कित्येक वर्गांत पहिल्याच दिवशी मॅग्नम भरतात.

शेवटी मॅग्नम आलं. काचेमागेही छातीत धक्का जाणवला. पहिल्या दोन-तीन गोळ्यांनंतर बहिणीचा नेम खाली जाऊ लागला. बाईंनी काही समजावलं नाही. पाठ करून चक्रीत काही खरी आणि काही खोटी काडतुसं भरली आणि रिव्हॉल्व्हर परत तिच्या हातात दिलं. कुठलं कुठे आहे हे तिला माहीत नाही. घोडा खोट्या काडतुसावर पडला, आवाज नाही, धक्का नाही, तरी नळी चांगली बोटभर खाली झुकली. बहीण खजील झाली. हात धक्क्याला घाबरत नव्हता, धक्का बसण्याआधीच घाबरत होता. वीस वर्षं शिकवतोय. विद्यार्थ्याला त्याची चूक न बोलता दाखवण्याची इतकी साधी युक्ती मला सुचलेली नाही.

घरी येऊन तिने हातात रिव्हॉल्व्हर धरलेला स्वतःचा फोटो खानदानाच्या ग्रुपवर टाकला. डोक्यावर ओढणी, डोळ्यांवर पिवळा चष्मा. रत्नागिरीच्या चाचांचं 'माशाअल्लाह' यायच्या आत मी तिला सांगितलं, काढून टाक. का? मी म्हटलं, आपली नावं बघ. फोटो इथून तिथे जाईल, खाली कुणी काय लिहील सांगता येत नाही, मला शाळेत नोकरी करायची आहे. ती म्हणाली, "कुणी काही म्हटलंय का?" कुणीच नव्हतं म्हटलं. तरीही मी तो काढायलाच लावला. शेजारचा हौशी माणूस असाच फोटो टाकतो तेव्हा लोक त्याला 'वाघ' म्हणतात. हे लिहिताना मला माझीच नळी खाली झुकलेली दिसते आहे.

पण एका बाबतीत मी माघार घेणार नाही. शिकण्याला माझी हरकत नाही, घरात ठेवण्याला आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. चोर त्या हिशेबात कुठे येतो? तिचा मुलगा नऊ वर्षांचा आहे. ती म्हणते, कुलपाची पेटी घेईन. टेक्सासच्या कायद्याने १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल असं ठेवणं गुन्हाच आहे. मी विचारतो, रात्री दोन वाजता कुलूप उघडेपर्यंत चोर थांबणार आहे का? आणि किल्ली हाताशी ठेवलीस तर पोराला ती सापडायला किती दिवस लागतील?

यावर तिने अजून उत्तर दिलेलं नाही. रिव्हॉल्व्हरही अजून घेतलेलं नाही. दर रविवारी मात्र ती चांदमारीवर जाते, आणि भोकं पडलेला कागद फक्त मला पाठवते.