आडवा फोटो हा सभासदाचा गुन्हा नव्हे



ऊस नोंदीचे दिवस आले की गट कार्यालयात एक तक्रार हमखास ऐकू येते. "साहेब, मोबाईलवर फोटो सरळ दिसतोय, पाठवला की आडवा पडतोय." सातबारा असो, बँकेचे पासबुक असो, आधार कार्ड असो, नाहीतर उभ्या पिकाचा फोटो असो. पाठवणाऱ्याला तो नीट दिसतो आणि कचेरीतल्या माणसाला मान वाकडी करून वाचावा लागतो. पुष्कळ ठिकाणी मग "कागद वाचता येत नाही, पुन्हा पाठवा" असा शेरा मारून अर्ज परत जातो. यात दोष कोणाचा आणि भुर्दंड कोणाला, याचा हिशेब उलटा लागला आहे असे माझे स्पष्ट मत आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम हे होते कसे ते पाहू. मोबाईलच्या कॅमेऱ्यात प्रकाश टिपणारी चिप जागेवर पक्की बसवलेली असते. आपण मोबाईल उभा धरा की आडवा, ती आपल्या ठरलेल्या दिशेनेच ओळीमागून ओळ चित्र उतरवून घेते. मोबाईल कसा धरला होता हे सांगायला आत दुसरा एक सेन्सर असतो. पृथ्वीची ओढ कोणत्या बाजूला आहे यावरून तो वर-खाली ओळखतो. बहुतेक मोबाईल चित्र प्रत्यक्ष फिरवत बसत नाहीत. ते फोटोच्या फाईलमध्ये एक चिठ्ठी घालून मोकळे होतात. त्या चिठ्ठीत १ ते ८ पैकी एक आकडा असतो. १ म्हणजे आहे तसा दाखवा, ६ म्हणजे उजवीकडे पाव वळसा द्या, ८ म्हणजे डावीकडे पाव वळसा द्या, ३ म्हणजे खालची बाजू वर करा. उरलेले चार आकडे आरशातल्यासारख्या उलट्या चित्रांसाठी आहेत. अशा चिठ्ठीच्या पद्धतीला 'एक्झिफ' म्हणतात. जपानमधील कॅमेरा उद्योगाने ती १९९५ साली ठरवली आणि पुढे जगभर तीच रूढ झाली.

आपल्याला हे समजायला अवघड नाही. ट्रॉलीबरोबर स्लिप येते. काट्यावरच्या माणसाने स्लिप न वाचताच ट्रॉली खाली केली तर ऊस तोच, वजन तेच, पण कोणाच्या नावावर चढवायचा हे कळणार नाही. फोटोचेही तसेच होते. मोबाईल स्वतः चिठ्ठी वाचतो, म्हणून तिथे फोटो सरळ दिसतो. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या क्रोमच्या ८१ व्या आवृत्तीपासून ते ब्राउझरही चिठ्ठी आपणहून वाचू लागले. त्यामुळे 'सबमिट' दाबण्यापूर्वी फोटो सरळच दिसतो. पण पाठवल्यावर पलीकडचा संगणक जागा वाचवण्यासाठी फोटोची लहान प्रत बनवतो. त्या कामात चिठ्ठी न वाचताच गळून पडली, की चित्र चिपने जसे उतरवले तसे आडवे उरते. म्हणजे फोटो आडवा होतो तो पलीकडे, पाठवून झाल्यावर. आता सांगा, यात सभासदाचे काय चुकले?

दुसरे एक कारण आपल्या नित्याच्या कामातले आहे. सातबारा नाहीतर पासबुक टेबलावर सपाट ठेवून आपण वरून फोटो काढतो. अशा वेळी पृथ्वीची ओढ मोबाईलच्या पाठीकडे असते. कडांकडे ती नसतेच, त्यामुळे वरची बाजू कोणती हे सेन्सरला कळत नाही. तो अंदाजाने चिठ्ठी लिहितो आणि अंदाज हुकतो. कागदांचेच फोटो जास्त आडवे पडतात त्याचे कारण हे. मोबाईल आधी डोळ्यासमोर उभा धरून मग हळूच कागदावर झुकवला, नाहीतर कागदच भिंतीला टेकवून फोटो काढला, तर ही अडचण बरीच कमी होते.

आता पनवेलचे सांगतो. आपल्या बऱ्याच सभासदांची मुले नोकरीधंद्यासाठी पनवेल, कामोठे, कळंबोली भागात स्थायिक आहेत. वडील गावाकडे फोटो काढतात, व्हॉट्सॲपवर पाठवतात आणि मुलगा पनवेलला बसून अर्ज भरतो. ही रीत चांगली आहे, परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो सरळ करून पाठवला जातो. मात्र तो लहान होतो व फोटो कोणत्या जागी काढला याची माहिती निघून जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाईल चिठ्ठीसकट जशीच्या तशी जाते आणि आडवे पडण्याचा धोका राहतो. तेव्हा कागदाचा फोटो साधा पाठवून अक्षरे वाचता येतात का ते मुलाला तपासू द्यावे. शेताच्या जागेचा पुरावा हवा असेल तर मूळ फाईल पाठवावी. सातबाऱ्यासाठी तर फोटोची गरजच नाही. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात मिळतो, तो पनवेलमधूनही काढता येतो आणि तो आडवा पडत नाही.

काही जण म्हणतील, एवढ्याशा गोष्टीचा काय बाऊ करायचा? पानावरच्या तांबेऱ्याचा फोटो आडवा आला तरी तांबेरा ओळखू येतो, हे खरे आहे. परंतु पासबुकावरचा एक आकडा चुकीचा वाचला गेला तर उसाचे बिल अडकते. तोडणीचा क्रम लागवडीची तारीख व जात पाहून लागतो. नोंदच लटकली तर यादीत नाव उशिरा चढते, आणि उशिरा तुटलेल्या उसाचे वजन व पुढचा खोडवा यांचे काय होते हे तुम्हाला मी सांगायला नको. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, तेव्हापासून शेतकऱ्याने स्वतः पिकाचा फोटो काढायचा आहे. पीककर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई सगळ्यांचा धागा आता मोबाईलच्या फोटोपाशी येऊन पोचला आहे.

"सभासदांनी शिकावे" असे सांगणे सोपे आहे. शिकावे जरूर. पण हजारो सभासदांनी प्रत्येक फोटो दोनदा तपासायचा, की पलीकडच्या एका संगणकात एकदाच सुधारणा करायची? काम स्वस्त कुठे पडते ते उघड आहे. ही सुधारणा मोठी नाही. फोटो आला की आधी चिठ्ठी वाचायची, चित्र खरोखर फिरवायचे आणि मग चिठ्ठीतला आकडा १ करायचा. आकडा तसाच ठेवला तर पुढचा कोणीतरी चित्र पुन्हा फिरवतो. चित्रांवर काम करणाऱ्या प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये यासाठी तयार आज्ञा असते.

सबब माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, केवळ फोटो आडवा आहे म्हणून कोणाचीही नोंद परत करू नये. लिपिकाने फिरवून वाचावा व मूळ फाईल तशीच जपून ठेवावी. फिरवल्याने कागदातला मजकूर बदलत नाही. दुसरी, दुरुस्ती करावी लागली तरी नोंदीची तारीख पहिल्यांदा अर्ज आला तीच धरावी. तिसरी, कोणत्याही कारखान्याने नवे ॲप घेताना शेवटचा हप्ता देण्यापूर्वी एकाच कागदाचे चार बाजूंनी मोबाईल धरून चार फोटो पाठवून बघावेत. चारही सरळ आले तरच बिल मंजूर करावे. बियाणे घेताना आपण डोळा तपासून घेतो, मग सॉफ्टवेअर न तपासता का घ्यावे?

तोवर सभासदांनी एक करावे. फोटो मोबाईलमध्ये उघडून 'एडिट'मध्ये कडेने किंचित कापावा व साठवावा. बहुतेक मोबाईल तेव्हा चित्र नव्याने, सरळ लिहितात. नुसता फिरवून भागेलच असे नाही; काही मोबाईल त्या वेळी फक्त चिठ्ठीतला आकडा बदलतात. स्क्रीनशॉटही चालतो, मात्र त्यात बारीक अक्षरे पुसट होतात. पाठवून झाल्यावर पावती उघडून फोटो पाहावा, आणि आडवा दिसला तर संकोच न करता आपल्या गटाच्या चिटबॉयला सांगावे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
ऊसविकास अधिकारी