शिवशाहीर, कॉम्रेड आणि चहाचा गाडा

परवा शनिवारी गावी गेलो होतो. आमचं जयसिंगपूर शाहू महाराजांनी वसवलं, वडिलांच्या नावानं. त्यामुळे चहाच्या गाड्यावर इतिहास निघतोच. विषय, बाबासाहेब पुरंदरे.

एक मित्र म्हणाला, "त्यांच्यामुळे महाराज घराघरात पोचले." दुसरा उसळला, "कुठले महाराज? दादोजींनी घडवलेले?"

मला दोघांचंही पटतं. 'राजा शिवछत्रपती' मी शाळेत असताना रात्री जागून वाचलं. हत्ती-घोड्यांसकट 'जाणता राजा' उभं करणं खायचं काम नाही. पण गोष्ट इतकी रंगवून सांगितली की वाचकाला तीच पुरावा वाटते. टीकाकारांचा राग तोच : गुरू मोठा झाला, जिजाऊ-शहाजी मागे पडले. २०१० मध्ये लाल महालातला दादोजींचा पुतळा हलवला गेला, २०१५ मध्ये 'महाराष्ट्र भूषण'वरून रान पेटलं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत, 'शिवाजी कोण होता?' लिहिणाऱ्या गोविंद पानसरेंवर कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले नाहीत. पुरंदरे २०२१ मध्ये गेले, वयाच्या ९९ व्या वर्षी.

पुस्तक चुकलं असेल तर पान काढून दाखवा, पुरस्कारावर हवं तेवढं भांडा. पण पुस्तकाला उत्तर पुस्तकानंच. पुरंदरे मी पंधराव्या वर्षी वाचले, पानसरे पंचविशीत. म्हणजे दहा वर्षं मी अर्धेच महाराज ओळखत होतो!

असो. पहिल्या मित्राला पानसरे दिलेत, दुसऱ्याला पुरंदरे. पुढच्या शनिवारी बघू.