विश्लेषण : डोंगरउतारावरच्या कौटुंबिक वायनरी वर्षानुवर्षे ‘अर्धवट’ का दिसतात?

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात, दिंडोरीत किंवा इगतपुरीच्या बाजूला वायनरी पाहायला गेलेल्या पर्यटकांना काही ठिकाणी वेगळेच चित्र दिसते. उतारावर नवी बाग, खाली पत्र्याची शेड, दोन-चार स्टीलच्या टाक्या आणि ‘पुढच्या वर्षी इथे रेस्टॉरंट होईल’ असे सांगणारे मालक. काम रखडले की काय, असा प्रश्न पडतो. प्रत्यक्षात या धंद्याचे गणितच तसे आहे.

पहिली बाटली यायला किती काळ लागतो?

द्राक्षाचा खुंट लावल्यावर त्यावर वाइनच्या वाणाचे कलम भरावे लागते. त्यानंतर मांडव किंवा तारा, ठिबक आणि वेलीला वळण देण्याचे काम येते. वाइनसाठी उपयोगी पहिले पीक हाती यायला साधारण दोन ते तीन वर्षे जातात आणि भरवशाचे उत्पादन त्याहून उशिरा येते. महाराष्ट्रात एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या होतात, पण पीक एकच घेतले जाते. वाइन द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते. शनॅं ब्लां, सोव्हिन्यों ब्लां यांसारख्या वाणांची व्हाइट वाइन काही महिन्यांत विकता येते. बॅरलमध्ये मुरवायच्या रेड वाइनसाठी आणखी वर्षभर किंवा जास्त थांबावे लागते. म्हणजे जमिनीत घातलेला पैसा चार-पाच वर्षे अडकून पडतो. नवी वायनरी आधी व्हाइट वाइनच पुढे करते, त्याचे हे एक कारण.

मग डोंगरउतारच का?

द्राक्षवेलीला मुळाशी साचलेले पाणी सोसत नाही. उतारावरच्या मुरमाड जमिनीतून पावसाचे पाणी निघून जाते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने हिवाळ्यात रात्री गार असतात आणि त्यामुळे द्राक्षांतील आम्लता टिकायला मदत होते. उताराचा फायदा इमारतीलाही होतो. द्राक्षे वरच्या पातळीवर उतरवायची, टाक्या मधल्या पातळीवर आणि बॅरल खाली, अशी रचना केली तर पंपाचा वापर कमी होतो. मात्र, उतारावर सपाटीकरण, रस्ता, पाणी वर चढवणे हे सगळे महाग पडते. शिवाय १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला सर्वसाधारणपणे परवानगी मिळत नाही. त्यामुळे काम टप्प्याटप्प्याने होते.

सरकारी धोरणाचा आधार किती?

राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले. नाशिकमधील विंचूर आणि सांगलीतील पलूस येथे वाइन पार्क झाले. वाइनवरील २० टक्के व्हॅटपैकी १६ टक्के परत देणारी प्रोत्साहन योजनाही आली. परंतु परतावा आधी भरलेल्या करावर मिळतो. तो लांबला तर मोठी कंपनी तग धरते, छोट्या कुटुंबाचे खेळते भांडवल मात्र आटते. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विक्रीला परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला. त्याला विरोध झाला आणि तो प्रत्यक्षात उतरला नाही. त्यामुळे छोट्या उत्पादकासमोर ग्राहकापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न कायम राहिला.

पर्यटकाचे महत्त्व काय?

दुकानात बाटली विकली की वितरक आणि विक्रेत्याचा वाटा जातो. आवारात विकली तर तो कुटुंबाकडे राहतो. टेस्टिंगचे शुल्क, जेवण, मुक्काम यांतून रोजचा पैसा सुटतो. सुला कंपनीने २००५ मध्ये नाशिकला टेस्टिंग रूम सुरू करून हा मार्ग रुळवला. अपुऱ्या वायनरीला मात्र पर्यटक लवकर बोलावण्याचा मोह होतो. खोल्या आधी आणि तळघर नंतर, असे झाले की वायनरीचे रिसॉर्ट होते. अशा ठिकाणी दोन प्रश्न विचारणे उपयोगाचे ठरते : ही वाइन याच बागेतल्या द्राक्षांची आहे की बाहेरून घेतलेल्या? आणि ती इथेच तयार झाली का? बाग तयार होईपर्यंत इतर शेतकऱ्यांची द्राक्षे घेण्यात गैर काही नाही, फक्त तसे सांगितले जावे.

धोका कुठे आहे?

नारायणगावची शातो इंडाज ही एकेकाळची मोठी कंपनी २०१० च्या सुमारास कर्जाखाली कोसळली. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी वाइनची द्राक्षे उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. गंगावऱ्हे येथील यॉर्क ही कुटुंबाची वायनरी २०२१ मध्ये सुलाकडे गेली. त्यातच २०२२ च्या ऑस्ट्रेलिया करारानुसार महाग बाटल्यांवरील १५० टक्के आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरत आहे. छोट्या वायनरीची चांगली बाटली त्याच किमतीच्या गटात मोडते. त्यामुळे शेवटच्या टाकीपर्यंत काम पूर्ण होण्याआधीच कुटुंबाला ठरवावे लागते : कर्ज काढून मोठे व्हायचे, भागीदार घ्यायचा की पाच-दहा एकरांवरच थांबायचे. तिसरा पर्याय सर्वांत संथ, पण जमीन घरातच राखण्याची शक्यता त्यातच अधिक.