घरी काडतूस भरायचे? व्हिडीओ अमेरिकेचा, पण गुन्हा मौद्यात दाखल होईल

मौदा : धान लोंबीवर आले की तारसा, कोदामेंढी, चाचेर या पट्ट्यात शेतकऱ्याची रात्र बांधीवरच जाते. रानडुकरांचा कळप शिरला की खातो कमी, तुडवतो जास्त. गावात परवान्याच्या बंदुका मोजक्याच. ज्यांच्याकडे आहेत त्यांची ओरड वेगळी : काडतूस महाग, ते आणायला नागपूरला जा, आणि परवान्यावर जितका आकडा लिहिला तितकेच मिळणार.

नेमके अशा वेळी मोबाईलवर व्हिडीओ येतो. अमेरिकेतला एक माणूस गॅरेजमध्ये बसून वापरलेल्या काडतुसाचे रिकामे खोके पुन्हा भरतो आहे. टेबलाला बसवलेले हातदांड्याचे प्रेस, त्यात बसणारे डाय, पावडर तोलायचा बारीक काटा, नव्या टोप्या आणि मापांचे जाडजूड पुस्तक. नवशिक्याला एवढे सामान पुरते, असे तो सांगतो. तिकडे हे खुलेआम विकले जाते आणि नेमबाज, शिकारी पैसे वाचवायला हा उद्योग करतातही. पाहणाऱ्याला वाटते, यात काय अवघड आहे? आपल्या गावचा वेल्डर असे प्रेस दोन दिवसांत बनवून देईल.

बनवून देईलही. पण शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये ‘दारूगोळा’ या शब्दाची व्याख्या वाचली तर घाम फुटतो. दारूगोळा म्हणजे फक्त भरलेले काडतूस नव्हे. काडतुसाचे भाग आणि काडतूस बनवण्याची यंत्रसामग्रीसुद्धा त्यात येते. म्हणजे प्रेस रिकामे असो, त्यात दारूचा कणही नसो, कायद्याच्या नजरेत ते यंत्रच दारूगोळा ठरते. विनापरवाना ते बाळगले तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ आणि कमाल ५ वर्षे कैद. त्यावर काडतूस बनवले तर कलम ५ चा भंग, आणि त्याची शिक्षा किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत. परदेशातून पार्सल मागवणाऱ्याने तर आयातीचा परवाना लागतो हेही लक्षात ठेवावे. विनापरवाना आयातीलाही कैदेची शिक्षा आहे.

‘माझ्याकडे बंदुकीचा परवाना आहे ना’, हे उत्तर इथे चालत नाही. तो परवाना बंदूक बाळगण्याचा आणि ठराविक काडतुसे विकत घेण्याचा. बनवण्याचा परवाना वेगळा, आणि तो शेतकऱ्याला मिळत नाही, कारखान्याला मिळतो.

रिकाम्या खोक्यांचे काय? अनेक घरांत आजोबांच्या वेळची पितळी खोकी दिवाणखान्यात ठेवलेली असतात. कलम ४५ मध्ये त्याला सूट आहे : किरकोळ भाग, जे पूरक भागांसोबत वापरण्याचा इरादा नाही, ते ठेवता येतात. पण तीच खोकी प्रेस आणि टोप्यांच्या शेजारी सापडली तर इरादा वेगळा सिद्ध करावा लागत नाही, तो टेबलावरच मांडलेला असतो.

भरमारवाल्यांचा युक्तिवाद थोडा वेगळा असतो. ‘आम्ही तर पिढ्यान्‌पिढ्या नळीतून दारू ठासतोच.’ बरोबर आहे. ठासणीच्या बंदुकीत बार भरणे हा ती वापरण्याचाच भाग आहे, आणि पीक रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना कलम १३ मध्ये स्पष्ट लिहिलेला आहे. पण म्हणून घरी दारू कुटणे कायदेशीर होत नाही. आणि खरा धोका पुढेच आहे. व्हिडीओतली पावडर बिनधुराची असते, ठासणीच्या बंदुकीला चालते ती काळी दारू. दोन्ही दिसायला पावडरच, पण बिनधुराची दारू जुन्या नळीत ठासली तर दाब इतका वाढतो की नळी हातातच फुटते. काडतुसाच्या बंदुकीतही तेच. तिकडे दारू ‘ग्रेन’मध्ये तोलतात, एक ग्रेन म्हणजे जेमतेम ६५ मिलिग्रॅम. चुकून दोनदा भरले गेले तर डोळा किंवा बोटे गेलीच. किराण्याच्या काट्याचे हे काम नाही.

दारूशी खेळ म्हणजे काय, हे मौदेकरांना सांगायला नको. महामार्गाने थोडे पुढे जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट होऊन ८ कामगार गेले. तिथे प्रशिक्षित माणसे होती, नियम होते. स्फोटकांवर देशभर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’चे मुख्यालयही नागपुरातच आहे.

मग काडतूस कुठून आणायचे? परवानाधारक दुकानातून, परवान्यातल्या मर्यादेत. बारा बोरचे ‘शक्तिमान’ काडतूस पुण्याजवळच्या खडकीच्या सरकारी कारखान्यात बनते. ठासणीची बंदूक पुरत नाही असे जिल्हाधिकाऱ्यांना पटवून देता आले तर त्याच कलम १३ नुसार दुसरी, आतून गुळगुळीत नळीची बंदूक मागता येते. परवाना आता ३ ऐवजी ५ वर्षांसाठी मिळतो, एवढा दिलासा.

मात्र काडतूस हाती आले म्हणजे डुकरावर झाडता येते असेही नाही. १ एप्रिल २०२३ पासून रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. मारण्यासाठी वन विभागाचा लेखी आदेश लागतो. केरळ सरकारने २०२२ मध्ये हा अधिकार ग्रामपंचायतीच्या प्रमुखांपर्यंत खाली आणला आणि परवानाधारक नेमबाजांची मदत घेतली. आपल्याकडे अर्ज घेऊन वनपरिक्षेत्र कार्यालयाच्या चकरा सुरू आहेत, तोवर धान आडवे झालेले असते.

त्यात निवडणूक आली की अनेकांना बंदूक ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. बांधीत धान उभे असते ते याच महिन्यात.