नवोद्योगाचे भांडवल आणि पेढीची रीत

आपल्या सभासदांच्या बैठकींतून हल्ली एक प्रश्न वारंवार निघतो. घरातील किंवा नात्यातील एखादा तरुण अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडतो, मागावरील कापडातला दोष कॅमेऱ्याने टिपणारे साधन अथवा हिऱ्याची प्रत ठरविणारी संगणकीय रीत मनात घेऊन पेढीवर येतो आणि भांडवल मागतो. नोकरी करावयाची नाही, दुकानावर बसावयाचे नाही, ‘स्टार्टअप’ काढावयाचा आहे, असे तो सांगतो. त्याला उत्तर काय द्यावे?

सामान्यतः दोन उत्तरे दिली जातात. एक, हसून वाटेला लावणे. दुसरे, रक्कम देणे. परंतु ती व्याजाने, वडिलांच्या जामिनावर आणि दिवाळीच्या चोपडीपूजनापूर्वी पहिला हप्ता परत करण्याच्या बोलीवर. पहिले उत्तर कठोर असले तरी प्रामाणिक आहे. माझ्या मते अधिक हानी दुसऱ्याने होते.

याचे कारण नव्या कल्पनेच्या स्वभावात आहे. कापडाच्या गाठी घेऊन विकणाऱ्यास माल उचलताच विक्रीची आशा असते, म्हणून तो व्याज सोसू शकतो. नवे यंत्र करणाऱ्याची पहिली दोन-तीन वर्षे नमुना बनविण्यात, तो मोडण्यात आणि पुन्हा बनविण्यात जातात. प्रयोगशाळेत बिनचूक चालणारा कॅमेरा मागाच्या शेडमधील धूळ, हादरे आणि उकाडा यांत आंधळा होतो. मग भिंग बदला, जागा बदला, हिशेबाची पद्धत बदला. या काळात विक्री शून्य असते आणि व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढू लागते. हप्त्याच्या धाकाने तो तरुण प्रयोग थांबवितो आणि परदेशी यंत्रांची दलाली करू लागतो. हप्ते वेळेवर येतात, पेढी समाधान पावते, आणि मूळ कल्पना कोणी पारखण्यापूर्वीच मरून जाते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण मराठी वाचकास नवे नाही. १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून त्यांनी आरंभ केला आणि पुढे लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे शेतकरी त्या नांगरास हात लावीनात. पहिली विक्री होण्यास सुमारे दोन वर्षे लागली. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी भूमी आणि पैसा दिला, व १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. दोन वर्षे एकही नांगर न खपलेल्या माणसाला आपल्यापैकी किती पेढ्यांनी उभे केले असते?

आपल्याच समाजातील सोलापूरचे वालचंद हिराचंद यांच्या चरित्रातील एक गोष्ट मात्र पुरेशी सांगितली जात नाही. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन (१९१९) आणि बंगळूरचा विमान कारखाना (१९४०) सर्वांना ठाऊक आहेत. पण प्रारंभ झाला तो लक्ष्मणराव फाटक नावाच्या, पूर्वी रेल्वेत कारकून असलेल्या गृहस्थांच्या सहवासाने. फाटकांपाशी कामाची माहिती होती, भांडवल नव्हते. वालचंदांचे घराणे कापसाच्या व्यापाराचे आणि सावकारीचे. व्याजाने रक्कम देऊन स्वस्थ बसणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी भागीदारी केली, आणि बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचा ठेका घेतला. तोटा झाला असता तर दोघांचाही झाला असता.

याच्या उलट उदाहरण खुद्द सूरतेचे आहे. सतराव्या शतकातील वीरजी वोरा हे जैन श्रेष्ठी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीस वारंवार कर्ज देत. आता, ती कंपनीसुद्धा त्या काळचा एक नवोद्योगच होती. अनेकांनी भाग घेऊन दूरच्या जोखमीत पैसा घालावयाचा, ही कल्पना १६०० साली नवीच म्हणावयाची. व्याज सूरतेस मिळत राहिले, परंतु कंपनीचे भाग लंडनकरांच्या हाती राहिले.

तापीच्या उत्तर तीरावरचे आपले कोसाड २००६ साली सूरत महानगरपालिकेच्या हद्दीत आले. आज कोसाड-अमरोली भागात यंत्रमाग आणि भरतकामाची यंत्रे आहेत, नदीपलीकडे कतारगाम-वराछा येथे हिऱ्याचे कारखाने आहेत. नव्या यंत्राची परीक्षा घेण्यास याहून योग्य जागा कोणती? सूरतेच्या सहजानंद समूहाने प्रथम हिरे कापणारी लेसर यंत्रे बनविली, आणि सूक्ष्म कापणीची तीच विद्या पुढे हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवावयाच्या स्टेंटसाठी वापरली. हिऱ्याच्या बाजारातून हृदयाचे औषधोपचार निघतील, असे कोणत्या सावकाराने तारण पाहून ओळखले असते?

म्हणून माझे म्हणणे असे की, अशा कामी पैसा द्यावयाचा तो कर्ज म्हणून नव्हे, भाग म्हणून द्यावा. आणि किती द्यावयाचा हे आधीच ठरवावे. परिग्रह-परिमाण व्रतात श्रावक आपल्या संग्रहाची मर्यादा स्वतःच आखतो. तद्वत् बुडाली तरी घर व पेढी ढळणार नाही एवढी रक्कम वर्षारंभी वेगळी काढावी, आणि तिच्यापलीकडे मुलाच्या हट्टासाठी किंवा शेजाऱ्याच्या ईर्ष्येने एक रुपयाही जाऊ नये. करासंबंधीची जुनी सबबही आता उरली नाही. भाग अधिक मूल्याने घेतल्यास लागणारा २०१२ चा ‘एंजल टॅक्स’ २०२४ च्या अर्थसंकल्पाने रद्द केला आहे.

अर्थात नवे म्हणजे सर्व ग्राह्य, असे नव्हे. मोबाईलवर पैसे लावून खेळावयाच्या खेळांत देशाचे कितीतरी भांडवल गेले. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने त्यांना मनाई झाली आणि तो पैसा अडकला. सप्तव्यसनांत द्यूताचे नाव प्रथम येते, हे ज्या घरांत लहानपणीच शिकविले जाते त्यांना संसदेची वाट पाहण्याचे कारण नव्हते.

पैशाहूनही मोठे साहाय्य आपल्या हाती आहे, ते म्हणजे पहिली मागणी. येत्या सर्वसाधारण सभेने असा ठराव करावा, ही माझी सूचना आहे: इच्छुक सभासदांनी आपल्या शेडमधील दोन माग सहा महिन्यांपुरते अशा प्रयोगासाठी द्यावेत, वीज पेढीची असावी, आणि यंत्र चालल्यास पहिले नग रोखीने घ्यावेत, उधारीने नव्हे. मागणारा मुलगा आहे की मुलगी, आपल्या समाजाचा आहे की परका, हे अर्जात विचारू नये.