साखर वेगळी आणा

श्रीगोंद्यातल्या कुठल्याही कचेरीत बिनसाखरेचा चहा मागून बघा. चहाच्या आधी प्रश्न येतो, "शुगर झाली का हो?" नाही म्हटलं तरी समोरच्याला पटत नाही. नागवडे आणि कुकडी कारखान्यांच्या या तालुक्यात साखर सोडायला माणसाला आजारच व्हावा लागतो.

2025च्या जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सगळ्या खात्यांना पत्र धाडलं: कचेऱ्यांत, कॅन्टीनमध्ये तेल-साखरेचे फलक लावा. त्यावरून समोसा-जिलेबीवर सिगारेटसारखा इशारा येणार, अशी आवई उठली आणि सरकारला खुलासा करावा लागला. या गदारोळात चहा मात्र अलगद सुटला.

हिशेब करू. कपात दोन चमचे साखर धरली तर 8-10 ग्रॅम. आल्या आल्या एक कप, साहेब आले म्हणून एक, कामाला आलेला माणूस आग्रहाने पाजतो तो एक, जेवणानंतर एक, चारला एक. झाली 40-50 ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला वरून घातलेली साखर दिवसाला साधारण 50 ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, जमल्यास 25. बिस्किटं अजून मोजलेलीच नाहीत!

डब्याचं त्या मानाने बरं चाललंय. सरकारी कचेरीत पावणेदहाला हजर व्हायचं म्हणजे नगर-दौंडहून येणाऱ्याचा डबा भल्या सकाळी भरतो. ज्वारीची भाकरी दुपारपर्यंत वातड होते म्हणून पोळी येते. चालायचंच, सोबत पालेभाजी आणि मूठभर शेंगदाणे असले म्हणजे पुरे.

खरी गंमत लिंबाची. इथल्या बाजार समितीत लिंबांचे ढीग लागतात आणि कचेरीत पाहुण्यापुढे येतं बाटलीतलं थंड पेय. उन्हाळ्यात लिंबू महागतं हे कबूल, पण त्या बाटलीपेक्षा नाही. मीठ-लिंबाचं पाणी द्या. रक्तदाब असेल त्याला मीठही नको.

यात ऊसवाल्याच्या पोटावर पाय येईल, ही भीती घालू नका. देशातली निम्म्याहून जास्त साखर मिठाई, बिस्किटं, थंड पेयं करणारे उचलतात. वर आता इथेनॉल आहे. तुमच्या दोन चमच्यांवाचून एकही गळीत हंगाम अडत नाही.

तेव्हा तालुक्यातल्या साहेबलोकांना विनंती: फलक लागतील तेव्हा लागोत, उद्या चहावाल्याला साखर वेगळी आणायला सांगा. ज्याला हवी तो घालून घेईल.