ट्रुडोंचा वारसा : घण आणि सनद

कॅनडात फुटून निघण्याची भाषा पुन्हा ऐकू येऊ लागली आहे. फ्रेंचभाषक क्युबेक प्रांतातील 'पार्टी क्युबेक्वा' हा पक्ष सत्ता मिळाल्यास तिसरे सार्वमत घेण्याचे आश्वासन देत आहे. तेलसंपन्न अल्बर्टातही स्वतंत्र होण्याची मागणी होत आहे. अशा वेळी पिएर ट्रुडो यांचे नाव निघणे स्वाभाविक आहे. १९६८ ते १९८४ या काळात, मधला काही महिन्यांचा खंड वगळता, पंतप्रधान असलेल्या या नेत्याला कोणी देशाची एकात्मता राखणारा मानतात, तर कोणी नागरी स्वातंत्र्य पायदळी तुडवणारा. दोन्ही मतांना त्यांच्या कारकिर्दीतच आधार सापडतो.

ऑक्टोबर १९७० मध्ये 'क्युबेक मुक्ती आघाडी' या सशस्त्र गटाने आधी ब्रिटिश व्यापार आयुक्त जेम्स क्रॉस यांचे आणि पाच दिवसांनी प्रांताचे मंत्री पिएर लापोर्त यांचे अपहरण केले. तुम्ही कुठवर जाणार, या पत्रकाराच्या प्रश्नावर ट्रुडोंचे उत्तर होते, बघत राहा! १६ ऑक्टोबरच्या पहाटे त्यांनी १९१४ चा युद्धकालीन उपाययोजना कायदा लागू केला. तोवर तो केवळ दोन महायुद्धांत वापरला गेला होता. वॉरंटाशिवाय अटक आणि आरोपाविना कोठडी यांना मुभा मिळाली. दुसऱ्याच दिवशी लापोर्त यांचा मृतदेह सापडला.

या काळात ४९७ जणांना अटक झाली. त्यांत गायिका, कवी, कामगार नेते होते. बहुतेकांवर कोणताही आरोप ठेवला गेला नाही. क्युबेकचे प्रमुख आणि मॉन्ट्रियलचे महापौर यांनीच केंद्राकडे असाधारण अधिकार मागितले होते आणि जनमतही सरकारच्या बाजूने होते, हे ट्रुडोंच्या समर्थकांचे म्हणणे खरे आहे. मात्र जनमत पाठीशी असले म्हणून निरपराधांची कोठडी न्याय्य ठरत नाही. शेंगदाणा फोडायला घण कशाला, असे संसदेत विचारणारे टॉमी डग्लस तेव्हा एकाकी वाटले. कायद्याच्या वापराविरुद्ध अवघी १६ मते पडली. आज त्यांचाच प्रश्न अधिक वजनदार वाटतो.

फुटीरतेला खरे उत्तर मिळाले ते मतपेटीतून. मे १९८० च्या सार्वमतात क्युबेकच्या सुमारे ६० टक्के मतदारांनी सार्वभौमत्वाचा प्रस्ताव नाकारला. त्यानंतर १७ एप्रिल १९८२ रोजी नव्या राज्यघटनेसोबत हक्क आणि स्वातंत्र्यांची सनद अमलात आली. मनमानी अटकेपासून संरक्षण देणारे तिचे नववे कलम वाचताना १९७० ची ती पहाट आठवल्याखेरीज राहत नाही. तेविसाव्या कलमाने इंग्रजी व फ्रेंच भाषिक अल्पसंख्याकांना मुलांना आपल्या भाषेत शिकवण्याचा हक्क दिला. भाषिक अल्पसंख्य म्हणून पिढ्यान्‌पिढ्या शाळांसाठी झगडणाऱ्या आपल्यासारख्यांना या तरतुदीचे मोल वेगळे सांगायला नको.

परंतु या सनदेची किंमतही मोजावी लागली. प्रांतांच्या आग्रहापुढे नमून तेहेतिसावे कलम स्वीकारावे लागले. काही मूलभूत हक्क बाजूला सारून कायदा करण्याची सोय त्याने कायदेमंडळांना दिली. शिक्षक, पोलीस आदींना धार्मिक चिन्हे वापरण्यास बंदी घालणारा २०१९ चा कायदा क्युबेकने याच कलमाच्या आडोशाने केला. शिवाय ज्या क्युबेकला देशाशी बांधून ठेवायचे, त्यानेच १९८२ च्या घटनेला आजवर औपचारिक संमती दिलेली नाही. ही सल १९९५ च्या दुसऱ्या सार्वमतात दिसली. तेव्हा एकसंध कॅनडा जेमतेम ५०.६ टक्के मतांनी तरला.

तरीही सनदेचे सामर्थ्य काळाने दाखवून दिले. १९८८ मध्ये जुना कायदा रद्द होऊन त्याजागी अधिक मर्यादित असा आणीबाणी कायदा आला. तो प्रथम वापरला पिएर यांचे पुत्र जस्टिन ट्रुडो यांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये ट्रकचालकांच्या आंदोलनाविरुद्ध. जानेवारी २०२४ मध्ये तेथील केंद्रीय न्यायालयाने हा वापर अवाजवी आणि सनदेचा भंग करणारा ठरवला. पित्याने घडवलेल्या सनदेने पुत्राचे सरकार जाब देण्यास भाग पाडले!

संकटात कठोर होणारे नेते इतिहासात पुष्कळ सापडतात. स्वतःच्या कठोरतेलाही उद्या अडवू शकेल असा कायदा मागे ठेवणारे विरळा. १९७० ची चूक सनदेने धुऊन निघत नाही. पण तशी चूक पुन्हा करणाऱ्याला आता न्यायालयात उत्तर द्यावे लागते. ट्रुडोंचा टिकाऊ वारसा तोच आहे.